दात आले, पण चावायचं नाही

माझ्या वरच्या जबड्यात एकही दात उरला नव्हता. कवळी टाळू पूर्ण झाकायची; आमटी किती गरम आहे ते घशाखाली गेल्यावरच कळायचं. हिरड्या झिजल्या तशी ती बोलताना सुटू लागली आणि चारचौघांत मी गप्प बसू लागले.

इम्प्लांटचं, म्हणजे हाडात स्क्रू बसवून त्यावर दात लावायचं ठरलं, तेव्हा डॉक्टरांनी जबड्याचा त्रिमितीय (सीबीसीटी) स्कॅन काढून पडद्यावर दाखवला. वरच्या जबड्याचं हाड खालच्यापेक्षा विरळ, त्यात मागच्या दाढांच्या वर सायनसची पोकळी. म्हणून पुढचे दोन स्क्रू सरळ आणि मागचे दोन सायनस चुकवून तिरपे. ही पद्धत लिस्बनच्या पावलो मालो यांनी रूढ केली. हे स्क्रू ज्याचे असतात ते टायटॅनियम हाडाशी एकजीव होतं, हे मात्र त्याआधीच स्वीडनच्या ब्रोनेमार्क यांना सापडलं होतं. १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या रुग्णाला असे इम्प्लांट बसवले.

स्क्रूची पकड साधारण ३५ न्यूटन-सेंटिमीटर भरली तरच लगेच दात, नाहीतर हाड भरेपर्यंत पुन्हा कवळी. हे खुर्चीत आडवं झाल्यावरच ठरणार होतं. भूल दिल्यामुळे दुखलं नाही, पण ड्रिलची घरघर कवटीत घुमते, तिची तयारी कुणी करून घेत नाही. पकड मिळाली. दुसऱ्या दिवशी चारही स्क्रूंना जोडणारा अ‍ॅक्रिलिकचा तात्पुरता ब्रिज, म्हणजे दातांची अखंड ओळ, बसला. टाळू मोकळी!

घरी जाऊबाई चकल्यांचा डबा घेऊन हजर. “आता खाऊन दाखवा.” पण खरी परीक्षा इथूनच सुरू झाली. हाड धरण्याच्या काळात स्क्रू किंचित जरी जास्त हलला, तरी भोवती हाडाऐवजी तंतुमय पेशीजाल तयार होतं आणि तो निकामी होतो. दुखत नसल्यामुळे हे पटायला जड जातं. तोंडभर दात असून मी खिचडी, शिरा आणि दुधात कुस्करलेली भाकरी खात राहिले. ‘स’ म्हणताना शिट्टी वाजे. नातवाला फार आवडायची.

काही महिन्यांनी पक्का ब्रिज बसला. आता भाकरी नीट चावते. ब्रिजखाली बारीक ब्रश रोज फिरवावा लागतो, कारण कीड लागत नसली तरी हिरड्या सुजून हाड झिजू शकतं.

कुणी ‘एका दिवसात दात’ म्हणालं, तर सही करण्याआधी दोन गोष्टी विचारा: पकड मिळाली नाही तर पुढे काय, आणि सांगितलेल्या रकमेत पक्का ब्रिज धरला आहे का?