कोवळ्या ज्वारीचे विष

ज्या ज्वारीच्या कडब्यावर आमची गुरे पिढ्यान्‌पिढ्या पोसली गेली, त्याच ज्वारीने एके सकाळी आमची दुभती गाय नेली. आणि तिच्यामागोमाग शेजारधर्मही आमच्या घरातून निघून गेला. ही हकीकत १९८३ सालची. ती सांगताना संकोच वाटतो. तथापि एखाद्या घरची गाय व एखाद्या घरचा शेजारी वाचेल, या आशेने लिहीत आहोत.

बेळगाव जिल्ह्यात आमचे लहानसे शेत होते. खरिपाची ज्वारी कापून झाल्यावर अवकाळी पाऊस पडला आणि खुंटांना वीतभर हिरवेगार फुटवे आले. आमच्या तांबडीने पहाटे दावे तोडले व उपाशीपोटी ती त्या फुटव्यांवर तुटून पडली. आम्ही तिला हाकून आणले. अर्ध्या तासात तिला धाप लागली, तोंडाला फेस आला, पाय लटपटले आणि ती कोसळली. गुरांच्या डॉक्टरांकडे धाडलेला माणूस परतण्यापूर्वीच तिने प्राण सोडला.

त्याच वर्षी शेजारच्या काकांशी बांधावरून आमची बोलाचाली झाली होती. "त्यांनीच काहीतरी चारले," असे बाबा म्हणाले. पुरावा नव्हता, पण रागाला पुरावा कुठे लागतो? आम्ही मुलांनी तो आळ गावभर पसरविला. काकांच्या अंगणातली आमची वाट बंद झाली.

चार वर्षांनी गावात आलेल्या एका पशुवैद्यांना बाबांनी हे सांगितले. त्यांनी विचारले, "रक्ताचा रंग कसा होता?" चामडे काढणाऱ्याने रक्त फारच लालभडक असल्याचे म्हटले होते, ते बाबांना आठवले. "मग विष तुमच्याच शेतात होते," डॉक्टर म्हणाले.

ज्वारीच्या कोवळ्या पानांत धुरीन नावाचे द्रव्य असते. डन्स्टन व हेन्री या शास्त्रज्ञांनी १९०२ साली ते शोधून काढले. ज्वारीच्या 'धुर्रा' या अरबी नावावरून त्याचे नाव पडले. पान उभे असता ते निरुपद्रवी असते. चावल्याने पान चिरडले की पानातीलच दुसरे एक द्रव्य त्यात मिसळते आणि सायनाइडचे विष सुटते. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात तर ते फार लवकर सुटते. मग रक्तात प्राणवायू असूनही शरीराला तो वापरता येत नाही. म्हणून रक्त लाल राहते आणि जनावर मात्र गुदमरते.

त्या रात्री बाबा कंदील घेऊन काकांच्या दारी गेले. तेथे काय बोलणे झाले, ते आम्हांस कधी कळले नाही. दुसऱ्या दिवशी काकू ताकाचा तांब्या घेऊन आमच्या ओट्यावर आल्या, एवढे मात्र आठवते.

वाचकहो, कापणीनंतरचे फुटवे, गुडघ्याएवढी कोवळी ज्वारी आणि पाण्यावाचून खुरटलेले पीक यांत गुरे सोडू नका. ज्वारी फुलोऱ्यात आल्यावर व जनावराच्या पोटात आधी दुसरी वैरण गेल्यावरच हिरवा चारा घाला. अर्धवट सुकलेल्या चाऱ्यावर विश्वास ठेवू नका. नीट वाळलेल्या कडब्यात हे विष पुष्कळ उतरलेले असते, आणि पिकल्या दाण्यात ते नसल्याने आपल्या भाकरीस भय नाही. जनावर धापा टाकू लागले, तर घरगुती उपायांत वेळ न दवडता डॉक्टरांना बोलवा. सोडियम नायट्राइट व सोडियम थायोसल्फेट ही औषधे वेळीच शिरेतून दिली, तर जनावर वाचू शकते.

आणि गोठ्यात अकस्मात मृत्यू घडला, तर शेजाऱ्याच्या दाराकडे बोट दाखविण्यापूर्वी आपल्या शेतात एक फेरी मारून या. आम्ही ती फेरी मारली नाही. काकांना चार वर्षे त्याचे मोल द्यावे लागले.