मांडवीवरचे दिवे मालवले तेव्हा

यवतमाळ जिल्ह्यात कोरोना आला तो सहलीच्या सामानासोबत. मार्च २०२० मध्ये जिल्ह्यात आढळलेले पहिले रुग्ण दुबईची सहल करून परतलेले प्रवासी होते. त्याच सहलीतील पुण्याचे दांपत्य राज्यातील पहिले रुग्ण ठरले होते. यवतमाळचे रुग्ण उपचारानंतर बरे होऊन घरी गेले. पण ‘फिरायला जाणे’ हे शब्द पुढे कित्येक महिने व्यापारी घरांतून दबक्या आवाजातच उच्चारले जात.

तरीही दिवाळी जवळ आली तशी गोव्याची आठवण निघालीच. वहीपूजन आटोपल्यानंतरचे आणि जिनिंगचा हंगाम भरात येण्यापूर्वीचे चार दिवस, एवढीच काय ती कापूस व्यापाऱ्याची सुटी. गोव्याने २ जुलै २०२० पासून देशांतर्गत पर्यटकांना मर्यादित प्रवेश दिला होता आणि सप्टेंबरपासून सीमा खुल्या केल्या होत्या. १ नोव्हेंबरला, म्हणजे दिवाळीच्या तोंडावर, मार्चच्या मध्यापासून बंद असलेले कॅसिनोही निम्म्या क्षमतेने सुरू झाले.

पणजीच्या मांडवी नदीत नांगरलेली ही जहाजे बऱ्याच कुटुंबांच्या प्रेक्षणीय स्थळांच्या यादीत कधी शिरली, हे सांगणे कठीण आहे. जेटीवरून होडीने जहाजावर जायचे, प्रवेशशुल्कातच जेवण आणि नाचगाणे, काही ठिकाणी मुलांसाठी वेगळी खोली. वडीलधाऱ्यांना सांगताना ‘जहाज पाहायला गेलो होतो’ असे म्हणता येते. जुगाराचे टेबल मात्र सप्तव्यसनांत ज्याचा क्रम पहिला, त्या द्यूताचेच असते. मुखपट्टी, शरीराच्या तापमानाची नोंद आणि हातावर जंतुनाशक यांनी त्यात काही फरक पडला नव्हता.

त्या टेबलाचा हिशेब तरी व्यापाऱ्याच्या घरात समजायला हवा. एक शून्य असलेल्या रूलेटच्या चाकावर ३७ घरे असतात. एका आकड्यावर लावलेली रक्कम जिंकली तर ३५ पट नफा मिळतो. वास्तविक जोखमीच्या प्रमाणात तो ३६ पट असायला हवा. हा एका पटीचा फरक म्हणजे चालकाचा वाटा, लावलेल्या दर शंभर रुपयांमागे सरासरी सुमारे २ रुपये ७० पैसे. आकडा लहान वाटतो. परंतु हजार रुपये पन्नास वेळा लावणाऱ्याची उलाढाल पन्नास हजारांची होते आणि सरासरी तोटा साडेतेराशेच्या घरात जातो. नशिबाने एखादा जिंकून उठतो, हे खरे. चालकाला त्याची चिंता नसते, कारण चाक रात्रभर फिरत राहते. बँकेच्या कर्जावरील व्याज वर्षाचे असते, हे व्याज दर फेरीचे आहे.

कापसाच्या जिल्ह्याला हा मोह परका नाही. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातील उघडत्या व बंद भावांवर मुंबईत पैजा लागत. ‘आकडा’ जन्मला तो त्यातूनच. गाठींचा वायदा करणाऱ्याजवळ निदान गाठी असतात, भाव पडण्याची खरी भीती असते. आकडा लावणाऱ्याजवळ यांपैकी काहीच नसते.

कायद्याचा इतिहासही पाहण्याजोगा आहे. गोव्याचा सार्वजनिक जुगारविषयक कायदा १९७६ चा. त्यात १९९२ मध्ये पंचतारांकित हॉटेलांतील यंत्रांसाठी आणि १९९६ मध्ये जहाजांवरील खेळांसाठी सवलत घालण्यात आली. त्याच १९७६ साली महाराष्ट्रानेही कॅसिनोसंबंधी कायदा संमत केला, पण तो कधी अमलात आणला नाही. २०२३ मध्ये तो रद्द करण्याचा निर्णय झाला. आणखी एक गोष्ट फारशी बोलली जात नाही. १ फेब्रुवारी २०२० पासून गोव्याच्या रहिवाशांना या कॅसिनोंत खेळण्यास मनाई आहे. जे आपल्या माणसांना नको, ते पाहुण्यांपुढे वाढले जाते.

बंदीच्या काळात टॅक्सीचालक, खानसामे आणि जहाजांवरील कर्मचारी यांचे हाल झाले, हे नाकारता येणार नाही. लास व्हेगासचे कॅसिनो मार्चच्या मध्यापासून जूनच्या प्रारंभापर्यंत मिटले होते, मकाऊने तर फेब्रुवारीतच पंधरा दिवस दारे लावली होती. सारे शहर एका खेळावर जगत असेल तर खेळ थांबताच शहराची चूल थंडावते. गोव्यात मे २०२१ मध्ये दारे पुन्हा बंद झाली. त्या वेळी पणजीलगत बांबोळीच्या शासकीय रुग्णालयात प्राणवायूचा प्रश्न इतका गंभीर झाला होता की उच्च न्यायालयाला त्यावर सुनावणी घ्यावी लागली. त्याच वर्षी फेब्रुवारीत यवतमाळ, अमरावती, अकोला येथेही रुग्णसंख्या उसळली होती. सप्टेंबर २०२१ मध्ये जहाजे निम्म्या क्षमतेने पुन्हा उजळली.

जहाजांचे दिवे विझलेल्या त्या महिन्यांत पणजी मात्र होती तिथेच होती. फोंतेन्यास वस्तीतील रंगीत घरे, जुन्या गोव्यातील ऑगस्टिनियन मनोऱ्याची घंटा जिथे आणून टांगली आहे ते टेकडीवरचे चर्च, आदिलशाही वाडा, १८३२ मध्ये स्थापन झालेले मध्यवर्ती ग्रंथालय. चोडण बेटाची फेरीबोट धरली की सलीम अली पक्षी अभयारण्याची खारफुटी लागते. यांतले बहुतेक काही फुकट किंवा अगदी थोड्या पैशांत पाहता येते आणि लहान मुलांना कुठे वेगळ्या खोलीत ठेवावे लागत नाही.

जैन कुटुंबांनी फोंड्याजवळ बांदिवडे येथे नेमिनाथ बस्तीचे अवशेष अवश्य पाहावेत. साखळीजवळच्या कुडणे गावीही प्राचीन जैन मंदिराचे भग्नावशेष आहेत. मूर्ती, छत, दिवा यांची अपेक्षा ठेवून जाऊ नये. जांभ्या दगडाच्या उघड्या भिंती आणि भोवती वाढलेली झाडी एवढेच दिसते. पणजीहून सकाळी गाडी केल्यास दोन्ही ठिकाणे एका दिवसात होतात आणि चौविहार पाळणाऱ्यांना सूर्यास्तापूर्वी जेवणासाठी पणजीत परतता येते. नदीतील जहाजांवरची रोषणाई त्यानंतर सुरू होते.