चालते पाणी

माझा एक पुतण्या बरीच वर्षे अमेरिकेत, मिशिगन सरोवराच्या काठच्या एका गावी राहतो. पत्र लिहिण्याची कला आता लोप पावली अशी तक्रार सर्वत्र ऐकू येते. परंतु या मुलाने ती निदान एका विषयापुरती तरी जिवंत ठेवली आहे. तो विषय म्हणजे सॅमन मासा. उन्हाळ्यात येणारी त्याची पत्रे ओली असतात, अशी थट्टा आमच्या घरात चालते. लग्नकार्ये, आजारपणे, नोकरीतील बढती हे सारे शेवटच्या दोन ओळींत उरकलेले असते. वरची तीन पाने मात्र पहाटे कोणत्या वाऱ्यात नाव काढली, मासा किती हातांवर होता आणि कसा निसटला याच हकिकतीने भरलेली असतात. आमच्या घराण्यात मासे खाण्याची परंपरा मोठी आहे. पकडण्याची मुळीच नाही. तेव्हा हे वेड त्याला तेथील पाण्यानेच लावले असले पाहिजे.

त्या शिकारीची रीत मोठी मजेची आहे. मिशिगन सरोवर हे नावाचेच सरोवर. त्याचा विस्तार सुमारे ५८,००० चौरस किलोमीटर, म्हणजे आपले सारे कोकण त्यात जवळजवळ दोनदा मावेल. आणि खोली जास्तीत जास्त २८१ मीटर. एवढ्या पाण्यात एका जागी गळ टाकून बसणे म्हणजे रानात खाट टाकून वाघाची वाट पाहण्यासारखेच. म्हणून नाव माणसाच्या चालीहून किंचित कमी वेगाने चालवीत ठेवायची आणि तिच्यामागे पाचसहा दोर ओढीत न्यायचे. दोराच्या टोकाला खाद्य नसते. चमच्यासारखा चकाकणारा पत्रा असतो. तो पाण्यात डुलत चालला की जखमी मासोळी पळते आहे असा भास होतो. उन्हाळ्यात वरचे पाणी तापते आणि सॅमन थंड थराला खाली जातो. म्हणून शिशाचा जड गोळा बांधून दोर नेमका त्या थरापर्यंत उतरवायचा. तो थर शोधण्यासाठी नावेवर उष्णतामापक असतो, तळाचे चित्र काढणारे यंत्र असते. या प्रकाराला तिकडे ट्रोलिंग म्हणतात. पुतण्याच्या वर्णनावरून मला नेहमी वाटत आले की, यात नावाड्याचे निम्मे काम एखाद्या प्रयोगशाळेतील साहाय्यकाचे आहे.

आणि ज्या माशासाठी हा खटाटोप, तो त्या सरोवराचा मूळ रहिवासीही नव्हे! माणसाने कालवे खोदून सरोवरांचा समुद्राशी मार्ग जोडला, तेव्हा दोन पाहुणे आत शिरले. एक लँप्री नावाचा, माशांच्या अंगाला चिकटून रक्त शोषणारा जीव. दुसरा एलवाइफ नावाचा लहानसा चंदेरी मासा. पहिल्याने तेथील मोठे ट्राउट मासे संपवले. खाणारा उरला नाही म्हणून दुसरा बेसुमार वाढला. १९६७ च्या उन्हाळ्यात मेलेल्या एलवाइफांचे ढीग किनाऱ्यावर सडत पडले होते. त्यांना खाणारा कोणी हवा म्हणून मिशिगन राज्याच्या सरकारने पॅसिफिक किनाऱ्याकडील सॅमन आणून सोडला. १९६६ साली कोहो, पुढच्याच वर्षी चिनूक. नदीत जन्मायचे, समुद्रात वाढायचे आणि अंडी घालून मरण्यासाठी पुन्हा त्याच नदीत परतायचे, हा या माशाचा जन्मधर्म. त्याने सरोवरालाच समुद्र मानले आणि तो तेथे रमला. आज त्याच्यामागे हजारो नावा हिंडतात. परंतु शेजारच्या ह्यूरन सरोवरात २००४ च्या सुमारास एलवाइफ संपला आणि त्याच्यापाठोपाठ चिनूकही ओसरला. माणसाने मांडलेला संसार माणसालाच सांभाळावा लागतो, आणि तो कधी मोडेल याचा नेम नसतो.

हा पुतण्या परवाच्या मार्गशीर्षात घरी आला. आम्ही बेलापुरास राहतो. पहिल्याच दिवशी बाजारात एका दुकानदाराने रावसाकडे बोट दाखवून त्याला सांगितले, "हा इंडियन सॅमन." पुतण्याचे डोळे चमकले. मला मात्र या नावाचा फार जुना राग आहे. रावसाचा सॅमनशी काडीमात्र संबंध नाही. सॅमनचे मांस तांबूस, रावसाचे पांढरे; सॅमनचे कूळ वेगळे, रावसाचे वेगळे. रावसाच्या कल्ल्याखाली, परांच्या तळाशी, चार सुटे लांब तंतू असतात. गढूळ पाण्यात डोळ्यांचा उपयोग तो किती? म्हणून हा मासा या तंतूंनी तळ चाचपीत चालतो. शास्त्रज्ञांनी त्याला जे ग्रीक नाव दिले त्याचा अर्थही सुटे तंतू आणि चार बोटे असाच आहे. त्याच कुळातल्या एका लहान माशाच्या दाढीसारख्या तंतूंवरून बंगाल्यांनी त्याला तपसे, म्हणजे तपस्वी, म्हटले. तेथे आलेल्या साहेबाने मात्र तो आंब्याच्या दिवसांत मिळतो एवढेच पाहिले आणि त्याला आंबामासा करून टाकले. मुंबईच्या साहेबाला घरची आठवण आली म्हणून रावसाचा सॅमन झाला. साहेब गेला, नाव अजून भोजनगृहांच्या दरपत्रकांवर आहे, आणि त्या नावापोटी दोन पैसे अधिक मिळतात असे दुकानदार सांगतो.

पुतण्याने हट्ट धरला की, हा देशी सॅमन गळाने धरायचा, आणि तोही ट्रोलिंग करून. बेलापूरला लागूनच दिवाळे हे कोळ्यांचे जुने गाव आहे. पनवेलची खाडी ठाण्याच्या खाडीला मिळते त्या तोंडावर ते वसलेले आहे. तेथील एक नाखवा माझ्या परिचयाचे. वय सत्तरीच्या पुढे. त्यांच्या एका मुलाला मी शाळेत शिकवले असल्यामुळे ते मला मास्तर म्हणतात. आम्ही त्यांच्या ओटीवर गेलो. पुतण्याच्या तोंडून 'ट्रोलिंग' हा शब्द बाहेर पडताच त्यांचा चेहरा एकदम उतरला. त्यांना ऐकू आले ते ट्रॉलिंग; तळ खरवडीत जाणाऱ्या त्या यांत्रिक जाळ्यांशी कोकणातल्या लहान नावांचे किती जुने वैर आहे हे सांगायला नको. मी मध्ये पडून खुलासा केला की, याचे जाळे नव्हे, नुसता गळ. नाव चालवायची आणि गळ मागून ओढायचा. तेव्हा ते मोठ्याने हसले.

"तुमचं तलं उभं हाय, पोरा," ते म्हणाले, "म्हनून तुला होरी चालवावी लागते. आमचं पानीच चालतं. होरी उभी करायची."

इतक्या वर्षांच्या पत्रांतून मला जे उमगले नव्हते ते या दोन वाक्यांत उमगले. गळ आणि पाणी यांत अंतर पडत राहिले पाहिजे, एवढीच या शिकारीची अट. मग नाव चालो की पाणी चालो. सरोवरात भरती-ओहोटी नाहीत म्हटले तरी चालेल. तेव्हा तेथे तेल जाळून हालचाल विकत घ्यावी लागते. आपल्या खाडीत ती दिवसातून चार वेळा फुकट येते. दोनदा आत, दोनदा बाहेर.

दिवस ठरवण्यासाठी नाखव्यांना कोणतेही यंत्र लागले नाही. कोकणातले जुने गणित त्यांनी बोटांवर केले. तिथीची पाऊणपट केली की भरती पूर्ण होण्याची वेळ निघते. दशमी म्हणजे साडेसात. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाणी फार जोराने धावते, गाळ उसळतो आणि गळ एका जागी ठरत नाही. अष्टमी ते दशमीच्या भांगात पाणी बेताचे चालते. म्हणून शुद्ध दशमी ठरली. पुतण्याने हातातल्या यंत्रात भरतीचे कोष्टक काढून पाहिले. दहाबारा मिनिटांचा फरक निघाला. त्याने ते यंत्र मुकाट्याने खिशात घातले, हे मला आवडले.

पहाटे साडेपाचला आम्ही निघालो. थंडी बेताची होती. दक्षिणेकडे २०२४ च्या जानेवारीत खुला झालेल्या अटल सेतूच्या दिव्यांची लांबच लांब माळ पाण्यावर लटकल्यासारखी दिसत होती. नाखव्यांनी इंजिन बंद केले, नांगर टाकला आणि तंगुसाच्या टोकाला जिवंत कोळंबी ओवून ती भरतीच्या पाण्यात सोडून दिली. काठी नाही, चक्र नाही. तंगूस उजव्या हाताच्या तर्जनीवरून गेलेला. बोट थोडे वर उचललेले, वैद्याने नाडी पाहावी तसे. पाणी कोळंबीला खेचीत नेते, शिसे तिला तळाशी धरते आणि त्या दोघांच्या ओढाताणीत ती टणाटण उड्या मारीत चालते. हा झाला त्यांचा चकाकणारा पत्रा. पुतण्याला त्यांनी दुसरा दोर दिला. तासाभरात त्याला एक शिंगाळा मिळाला आणि दोनदा नुसता रिकामा गळ वर आला.

साडेसातच्या सुमारास पाणी थबकले. खाडीवर अशी शांतता पसरली की, दूरच्या खारफुटीतील बगळ्यांचा कलकलाट स्पष्ट ऐकू येऊ लागला. मग नाव संथपणे आपल्या नांगराभोवती फिरली आणि तिचे तोंड ज्या दिशेला होते तिकडे शेपूट झाले. ओहोटी सुरू झाली होती. खारफुटीच्या मुळांत चरायला शिरलेली कोळंबी आणि बोयरे आता पाण्याबरोबर बाहेर पडतात, आणि रावस त्या वाटेवर उभा असतो. नाखव्यांनी हे मला सांगितले आणि पाव तासाने त्यांची तर्जनी खाली वाकली. पुढच्या दहा मिनिटांत ते एकदाही उभे राहिले नाहीत. मासा पळाला की तंगूस सोडीत, थांबला की ओढीत. अखेर चांदीच्या पत्र्यासारखा लखलखीत, जवळजवळ तीन किलोंचा रावस नावेत आला. त्याचे ते चार तंतू लाकडी फळीवर थरथरत होते. चाचपायला तळ शोधीत होते. ताटातली तुकडी पाहणाऱ्या आमच्यासारख्यांना हे तंतू कधी दिसत नाहीत, कारण कोळीण ते आधीच छाटून टाकते.

"गाभोली असंल," नाखवे म्हणाले. लहान रावसात गाभोळी कधीच सापडत नाही, मोठ्यातच सापडते, असा त्यांचा साठ वर्षांचा अनुभव. शास्त्र हेच सांगते. रावस आरंभी नर असतो आणि वाढल्यावर मादी होतो. म्हणजे बाजारात आपण कौतुकाने जो मोठ्यात मोठा रावस निवडतो, ती बहुधा आई असते. पुतण्याने विचारले, सोडून द्यायची का? त्याच्या सरोवरात कित्येक शिकारी मासा धरून सोडतात. नाखव्यांनी त्याच्याकडे पाहिले, रागाने नव्हे, आणि रावस बर्फाच्या पेटीत ठेवला. आठ दिवसांतला तो त्यांचा पहिला मोठा मासा होता. तिकडच्या सोडण्यातली दया मला मान्य आहे. पण पोटाला दुसरा आधार असणाराची ती दया आहे, हेही म्हटलेच पाहिजे.

परतताना ओहोटीने आम्हांला गाठले. धक्क्यापासून पुष्कळ अलीकडे नाव चिखलाला टेकली, आणि पुढचे अंतर आम्ही गुडघाभर गाळातून काढले. नाखव्यांच्या तरुणपणी येथे ओहोटीलाही नाव तरंगत असे, असे ते सांगतात. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि या किनाऱ्याचे शहर होऊ लागले. १९७३ साली वाशीचा पहिला पूल झाला, १९९७ साली दुसरा. मध्यंतरी रेल्वे आली, १९८९ साली न्हावा-शेव्याचे बंदर सुरू झाले. पाणथळींवर भराव पडले. २०२५ साली उद्घाटन झालेल्या विमानतळासाठी उलवे नदीचा प्रवाह वळवण्यात आला. या प्रत्येक गोष्टीचा लाभ मी घेतला आहे आणि घेतो. त्याच भरावावरच्या एका इमारतीत मी राहतो. परंतु पाण्याला पसरायला जागा कमी झाली की त्याची चाल मंदावते, आणि मंदावलेले पाणी हातातला गाळ खाली ठेवते. २०२१ च्या ऑगस्टमध्ये वाशीच्या तिसऱ्या पुलाच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने येथील मच्छीमारांचा नुकसानभरपाईचा हक्क मान्य केला, ही मोठीच गोष्ट झाली. भरपाई मात्र बुडालेल्या दिवसांची मोजता येते, गेलेल्या माशांची मोजता येते. पाणी पूर्वी किती चालत असे आणि आता किती चालते, याचा हिशोब कोणत्या कागदावर मांडायचा? नाखव्यांची तर्जनी तो रोज मांडते. पण तर्जनीची साक्ष कोण नोंदवून घेणार?

त्यांचा मुलगा, माझा विद्यार्थी, नोकरीला वाशीस जातो. त्याला तिथीचे गणित येते, पण त्याचा कामावर जाण्याचा वेळ तिथीप्रमाणे बदलत नाही.

नाखवीणबाईंनी रावस तोलला, आणि मी पैसे देऊ लागताच निम्मेच घेतले. पुतण्या पाय धूत होता. त्याने विचारले, उद्या पुन्हा येऊ का? नाखव्यांनी जाळ्याच्या गाठी सोडवता सोडवता, वर न पाहताच उत्तर दिले, "उद्या एकादस. सव्वाआठ."