बंपरचे अडीच हजार

शेतकरी बंधू-भगिनींनो, औषधाच्या डब्यावरची चिठ्ठी वाचल्याशिवाय फवारणी करू नका, असे गावोगाव सांगण्यात माझी तीस वर्षे गेली. स्वतःच्या मोटारीची विमा पॉलिसी मात्र मी कधी उघडून पाहिली नव्हती.

दोन वर्षांपूर्वीचा गळीत हंगाम. इंदापूरहून रात्री बारामतीला परतत होतो. लासुर्णे ओलांडले आणि पुढ्यात उसाची ट्रॉली! मागे ना दिवा, ना रिफ्लेक्टर. ब्रेक दाबला, तरी बंपर बसलाच. कोणाला इजा झाली नाही, हे नशीब. गॅरेजवाल्याने साडेतीन हजार सांगितले. "साहेब, विमा आहे, मग खिशातून कशाला?" मलाही पटले. नियमाप्रमाणे हजार माझे, अडीच हजार कंपनीचे. स्वस्तात सुटलो, असे वाटले.

पुढच्या हप्त्याचा आकडा आला आणि डोळे उघडले. सलग पाच वर्षे भरपाई न मागितल्याने मला ५० टक्के सूट होती. विमेवाले तिला नो क्लेम बोनस म्हणतात. ती २०, २५, ३५, ४५, ५० अशी दरसाल चढते आणि एक भरपाई घेतली की एकदम शून्यावर येते. सूट फक्त आपल्या गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यावर असते. दुसऱ्याच्या इजेसाठीचा सक्तीचा विमा वेगळा, त्याला ही सूट नाही.

आमच्या सौभाग्यवतींनी वहीत हिशेब मांडला. नुकसानीचा मूळ हप्ता ८,००० धरा. सूट गेल्याने पहिल्या वर्षी ४,००० जादा, मग २,४००, २,०००, १,२०० आणि ४००. पुन्हा ५० टक्क्यांवर चढेपर्यंत एकूण १०,०००! मिळाले होते अडीच हजार.

मग दुसऱ्या कंपनीच्या एजंटाचा फोन आला. "मागच्या वर्षी क्लेम घेतला होता का?" खरे सांगतो, 'नाही' हा शब्द ओठांवर आला होता. सौभाग्यवती शेजारीच होत्या. म्हणाल्या, "पीकविम्याच्या अर्जात पेरा खरा लिहा, म्हणून लोकांना सांगता ना?" मी 'होय' म्हणालो आणि पूर्ण हप्ता भरला. पुढे कळले, की नवी कंपनी जुनीकडे चौकशी करते. खोटे निघाले, तर ऐन अपघाताच्या वेळी भरपाई कापली किंवा नाकारली जाऊ शकते.

जुनी गाडी घेणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावे. सूट गाडीची नव्हे, मालकाची. विकणाऱ्याची ५० टक्के सूट गाडीबरोबर तुमच्याकडे येत नाही. विकणाऱ्याने मात्र कंपनीकडून दाखला घ्यावा, तीन वर्षांच्या आत नव्या गाडीला तो चालतो. आणि उसाचे बिल आल्यावर भरू म्हणून विमा थांबवू नका. मुदत संपून ९० दिवस उलटले, की साठवलेली सूट गेली. शिवाय तेवढे दिवस बिनविम्याची गाडी रस्त्यावर आणणे हा गुन्हाच.

मोठे नुकसान झाले, तर भरपाई जरूर मागा. विमा असतो त्यासाठीच. तिथे सुटीचा विचार करू नये.

यंदा मी पुन्हा २० टक्क्यांवर आलो आहे. परवा भवानीनगरला बैलगाड्यांच्या गर्दीत दार घासले. गॅरेजवाल्याने पुन्हा तोच सल्ला दिला. मी बाराशे रुपये मोजले आणि पावती घेतली.