चार ओळींचे भाषांतर

आमच्या धर्मगुरुनिवासातील बैठकीच्या खोलीत तीन फूट लांबीची एक काचेची टाकी आहे. तीत खारे पाणी, पांढऱ्या पट्ट्यांचे दोन नारिंगी मासे आणि दगडांना बिलगून राहिलेले काही मृदू प्रवाळ, एवढाच संसार. धर्मग्रामातील एक तरुण २०२१ साली नोकरीनिमित्त कॅनडाला गेला, तेव्हा तो संसार त्याने माझ्या स्वाधीन केला. "फादर, तुम्हांला वाचनाची आवड आहे. हेही एक पुस्तकच समजा," असे तो म्हणाला. सोबत त्याने इंग्रजीत लिहिलेली एक वही दिली. पाण्याची क्षारता किती असावी, उष्णतामान किती, आटलेल्या पाण्याच्या जागी गोडे पाणी किती घालावे, हे सारे तीत व्यवस्थित नोंदले होते. शेवटच्या पानावर लाल शाईतील चार ओळी होत्या. दगडांवर तपकिरी बटणांसारखे जे जीव आहेत त्यांना उघड्या हाताने स्पर्श करू नये, तो दगड कोरडा घासू नये, त्यावर कधीही गरम पाणी ओतू नये, कारण त्यांत विष असू शकते, असा त्यांचा आशय होता.

मी त्या ओळी वाचल्या होत्या. हे आरंभीच सांगतो, कारण पुढील सारी हकीकत या एका वाक्यावर उभी आहे.

ती तपकिरी बटणे वर्षभरात फार पसरली. २०२२ च्या ऑगस्टमध्ये, सण जवळ आला म्हणून, मी त्यांतला सर्वांत माखलेला दगड चिमट्याने उचलून बादलीत घातला आणि बादली स्वयंपाकघराच्या मोरीवर ठेवली. आमच्या घरची स्वयंपाकाची जबाबदारी ज्या मावशींवर आहे, त्यांना म्हणालो, "मावशी, हा दगड जरा घासून ठेवा." आणि एका आजाऱ्याला भेटण्यासाठी निघून गेलो.

मावशींनी तेच केले जे त्या तीस वर्षे तेलकट भांड्यांच्या बाबतीत करीत आल्या होत्या. दगडावर आधणाचे पाणी ओतले आणि काथ्याने तो खसखसा घासला. बाहेर पाऊस कोसळत होता, म्हणून खिडकी बंद होती. मोरीत वाफ कोंडली होती.

संध्याकाळी त्यांना तोंडात कडवट, धातूसारखी चव लागू लागली. मग खोकला आला, हुडहुडी भरली, अंग ठणकू लागले. पावसाळ्यातला ताप म्हणून त्यांनी गोळी घेतली. रात्री दम लागला, तेव्हा त्यांच्या मुलाने आणि मी त्यांना रुग्णालयात नेले. तरुण डॉक्टरांनी विचारले, "आज यांनी काही वेगळे हाताळले होते का? कसली वाफ, कसले औषध?"

मला त्याच क्षणी लाल शाईतील ओळी आठवल्या. तरीही मी म्हणालो, "नाही, रोजचेच काम."

असे का म्हणालो, याचा शोध मी पुष्कळदा घेतला आहे. शेजारी मावशींचा मुलगा उभा होता, एवढेच उत्तर प्रत्येक वेळी मिळते. सुमारे पंधरा मिनिटांनी डॉक्टर पुन्हा आले व तोच प्रश्न त्यांनी पुन्हा विचारला, तेव्हा मात्र मी सर्व सांगितले आणि वही आणविली. त्या पंधरा मिनिटांनी उपचारांत काही बिघडले नाही, असे डॉक्टरांनी नंतर सांगितले. पण ती माझ्या हिशेबातून वजा झालेली नाहीत. या विषावर उतारा नाही. प्राणवायू देणे, श्वासनलिका मोकळ्या करणारी औषधे देणे, हृदयावर लक्ष ठेवणे, एवढेच हाती असते. चौथ्या दिवशी मावशी घरी परतल्या.

मग मी जे आधी करायला हवे होते ते केले, म्हणजे वाचन. या विषाला पॅलिटॉक्सिन म्हणतात. पॅलिथोआ या प्रवाळांच्या नातलग जीवांत ते आढळते. त्याचे कार्य खारजमिनीवर वाढलेल्या आपल्या माणसाला समजावणे सोपे आहे. बंधाऱ्याची उघाडी ओहोटीला उघडते व भरतीला मिटते, म्हणून आतले शेत पिकते. आपल्या पेशींच्या आवरणातही अशीच दारे आहेत. ती सोडियम बाहेर टाकतात आणि पोटॅशियम आत घेतात, परंतु दाराच्या दोन्ही फळ्या एकाच वेळी कधी उघडत नाहीत. पॅलिटॉक्सिन दोन्ही फळ्या उघड्या ठेवते. मग खारे पाणी शेतात शिरावे तसे सारे संतुलन वाहून जाते.

हवाईतील माऊई बेटावर, हाना या गावाजवळ, भरतीच्या पाण्याचे एक कुंड आहे. त्यात मारक शेवाळ उगवते, योद्धे आपल्या भाल्यांची टोके त्यात माखतात, आणि त्या कुंडाला कोणी शिवायचे नाही, असे तेथील लोक पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले. ३१ डिसेंबर १९६१ रोजी संशोधकांनी तेथून नमुना आणला, आणि योगायोग असा की त्याच दिवशी त्यांच्या प्रयोगशाळेला आग लागली. पुढे १९७१ साली मूर आणि शॉयर या शास्त्रज्ञांनी ते विष वेगळे काढल्याचे प्रसिद्ध केले. ते शेवाळ नसून पॅलिथोआ होते. दंतकथेला आपण हसतो. परंतु त्या बेटावरील आजीने आपल्या नातवाला धोका त्याच्या भाषेत सांगितला होता. मी तेवढेही केले नव्हते.

हे प्रकरण आमच्यापुरते नाही. अमेरिकेतील अलास्कामध्ये २०१२ ते २०१४ या काळात दुकानांत व घरांत अशा बाधा झाल्या. इंग्लंडमधील ऑक्सफर्डशायरच्या स्टीव्हेंटन गावी मार्च २०१८ मध्ये टाकीतील दगड साफ करताना एक कुटुंब आजारी पडले, आणि मदतीला धावलेल्या अग्निशमन दलाच्या जवानांनाही रुग्णालयात न्यावे लागले. हल्ली आपल्याकडेही अशा टाक्या घरांत दिसू लागल्या आहेत, म्हणून माझ्या अनुभवाचे सार वाचकांपुढे ठेवतो.

बटणांसारख्या जीवांपैकी विषारी कोणते, हे नुसत्या डोळ्यांना कळत नाही. म्हणून सर्वांनाच विषारी समजावे. हातावर जखम असल्यास टाकीत हात घालू नये. एरव्हीही रबरी हातमोजे आणि डोळ्यांना झाकणारा चष्मा लावावा. दगड उकळू नये, त्यावर गरम पाणी ओतू नये, पाण्याबाहेर घासू नये, जोराच्या फवाऱ्याखाली धुऊ नये. काही खरवडायचेच असेल तर वेगळ्या बादलीत, टाकीच्याच पाण्यात बुडवून, मोकळ्या हवेत खरवडावे. मुले आणि घरातील जनावरे दूर ठेवावीत. नळीने पाणी काढताना ती तोंडाने ओढू नये. स्वयंपाकाची भांडी या कामाला वापरू नयेत. काम संपल्यावर एक भाग घरगुती ब्लीच आणि नऊ भाग पाणी यांच्या ताज्या मिश्रणात हत्यारे अर्धा तास बुडवून ठेवावीत. ते मिश्रण संडास धुण्याच्या आम्लात कधीही मिसळू नये, कारण त्यातून दुसराच विषारी वायू निघतो. बाधेची शंका आल्यास ताबडतोब मोकळ्या हवेत जावे, डोळे स्वच्छ पाण्याने भरपूर वेळ धुवावेत, आणि रुग्णालयात पॅलिटॉक्सिन हा शब्द प्रथम उच्चारावा. पंधरा मिनिटांनी नव्हे.

मावशी घरी परतल्या त्या दिवशी मी त्यांची आणि त्यांच्या मुलाची क्षमा मागितली. मुलगा बराच वेळ गप्प राहिला. मावशी म्हणाल्या, "फादर, मला सांगितलं असतं, तर मी नाही म्हटलं असतं का? हातमोजे घालून केलं असतं."

त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती, म्हणूनच ते अधिक लागले. सेमिनरीत आम्ही लॅटिन शिकलो, ग्रीक शिकलो. पवित्र वचनांचा अर्थ लोकांना त्यांच्या भाषेत सांगणे हेच गेली अठ्ठावीस वर्षे माझे काम आहे. आणि जिच्या हातून ते काम होणार होते, तिच्यासाठी चार ओळींचे भाषांतर करावे, हे मला सुचले नाही. दुसऱ्याच्या हातांनी करवून घ्यायच्या कामातील धोका आपल्यापुरता ठेवायचा, ही सवय एकट्या माझी नसावी. गटारात उतरणाऱ्याला, शेतात औषध फवारणाऱ्याला, रंगाच्या कारखान्यात पिंप धुणाऱ्याला आपण काम सांगतो. डब्यावरील इंग्रजी मजकूर मात्र वाचून दाखवत नाही.

आता टाकीशेजारच्या भिंतीवर त्या चार ओळी ठळक मराठी अक्षरांत लावल्या आहेत. टाकी देऊन टाकावी, असे मी सुचवले होते. मावशींनीच नको म्हटले. त्यांना ते दोन मासे आवडतात. दर शनिवारी मी पाणी बदलायला बसतो, तेव्हा त्या दारात उभ्या राहून आधी माझ्या हातांकडे आणि मग डोळ्यांकडे पाहतात.

"फादर, चष्मा," त्या म्हणतात. आणि मी मुकाट्याने उठतो.