मूळ रंग

आपलें दुःख सांगतांना मनुष्य जितका उघडा पडतो, त्याहून अधिक तो आपली आवडती वस्तु दुसऱ्यास दाखवितांना पडतो, असें मला अलीकडे वाटूं लागलें आहे. माझ्याजवळ एक जुनी मोटार आहे. थंडीच्या दिवसांत एखाद्या रविवारीं सकाळीं ती घेऊन मी माझ्यासारख्याच इतर छांदिष्टांच्या मेळाव्याला जातों. पुण्यांतील एका शाळेच्या मैदानावर आम्ही पंधरावीस जण आपापल्या गाड्यांचीं बॉनेटें उघडून ओळीनें उभे असतों. दुरून पाहणाराला दांतांच्या डॉक्टरकडे बसलेल्या रोग्यांची आठवण व्हावी, अशी ती ओळ दिसते. जवळ येणाराची मात्र सुटका नसते. "ही कोणत्या सालची?" एवढा निरुपद्रवी प्रश्न त्याच्या तोंडून निघाला, कीं त्याचा पुढचा पाऊण तास आमच्यापैकीं कोणाच्या तरी ताब्यांत गेला म्हणून समजावें.

माझ्या उजव्या हाताला बहुधा एक मॉरिस मायनर असते. तिचे मालक वकील आहेत. कोर्टांत ते फार मोजकें बोलतात अशी त्यांची ख्याति आहे; ती खरी असेल तर तेथें वांचविलेले सगळे शब्द ते या मैदानावर खर्च करीत असले पाहिजेत. डावीकडे एक स्टँडर्ड हेरल्ड. या गाडीचें नुसतें बॉनेट उघडत नाहीं. दिवे आणि मडगार्डें यांसकट तिचें सगळें नाकाडच पुढें उलथतें आणि इंजिनाबरोबर पुढचीं चाकेंही उघडीं पडतात. तिचा तरुण मालक एका सकाळींत हा प्रयोग निदान वीस वेळां करून दाखवितो. अँबॅसडरवाल्यांना आम्ही आपल्यांत घेतों, पण थोडेंसें हातचें राखून. ती गाडी २०१४ सालापर्यंत कारखान्यांतून बाहेर पडत होती. जिचीं धाकटीं भावंडें कालपरवांपर्यंत सरकारी कचेऱ्यांच्या दारांत उभीं होतीं, तिनें वडीलकीचा मान मागावा, हें आम्हांस जरा धिटाईचें वाटतें.

माझी गाडी म्हणजे १९६८ सालची फियाट ११००. वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापन केलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यांत तिचा जन्म झाला. तिच्या थोरल्या, फुगीर नाकाच्या बहिणींना आपल्याकडे लोक 'डुक्कर फियाट' म्हणत. माझी त्यानंतरच्या बांध्याची, चौकोनी आणि पुष्कळच सभ्य दिसणारी. याच बांध्याला १९७४ पासून 'पद्मिनी' हें राजघराण्यांतलें नांव मिळालें, आणि याच बांध्यानें काळा-पिवळा वेष धारण करून दोन पिढ्या मुंबईकरांची वाहतूक केली. टॅक्सीचें आयुष्य कायद्यानें वीस वर्षांचें ठरविलेलें असल्यामुळें २०२३ च्या ऑक्टोबरांत त्यांतली शेवटची गाडी रस्त्यावरून निघून गेली, तेव्हां वर्तमानपत्रांनीं तिच्यावर मृत्युलेख लिहिले. इंजिन १०८९ घन सेंटिमीटरचें. गिअरचा दांडा जमिनींतून वर येत नाहीं. तो स्टिअरिंगच्या खांबावर, डाव्या हाताशीं असतो. त्यामुळें पुढची बैठक बाकासारखी सलग राहते आणि चालकाच्या शेजारीं दोन माणसें, व त्यांच्या मांडीवर एखादें मूल, सुखानें बसूं शकतें. पहा, मीही सुरुवात केलीच!

आम्हां मालकांचें बोलणें हें असें असतें. तें सुट्या भागांचें बोलणें होय. मागच्या दिव्याची तांबडी कांच मला कशी मिळाली, ही माझी ठेवणींतली कथा आहे. अकरा महिने मी दर बुधवारीं आणि रविवारीं जुन्या बाजारांत खेपा घालीत होतों; आणि शेवटीं ती मिळाली ती एका माणसाच्या देव्हाऱ्यांतल्या विजेच्या दिव्यावर बसविलेली. ती त्यानें मला फुकट दिली, वर नवी पणतीही मीं त्याला घेऊन दिली नाहीं, ही बोचणी मात्र मी कथेंतून गाळतों.

परंतु या मेळाव्याला येणारांची एक दुसरी जात आहे. हे लोक पायीं येतात. त्यांच्याजवळ गाडी नसते, एकेकाळीं होती. "आमच्याकडे होती अशी," एवढेंच बोलून ते उभे राहतात. साल विचारलें तर चुकीचें सांगतात. इंजिनाकडे तर ढुंकूनही पाहत नाहींत. एक गृहस्थ वकीलसाहेबांच्या मॉरिसच्या मागच्या खिडकीपाशीं दहा मिनिटें उभे होते. घाटांत आपल्याला नेमकी याच जागीं ओकारी येत असे, असें त्यांनीं अत्यंत प्रेमानें सांगितलें. एका बाईंनीं एकदां माझ्या गाडीची पुढची त्रिकोणी कांच उघडली, मिटली, पुन्हां उघडली, आणि कांहीं न बोलतां त्या निघून गेल्या. आम्ही त्यांचें ऐकून घेतों आणि मनांतल्या मनांत त्यांच्या चुका दुरुस्त करतों. त्यांनीं वर्णन केलेली गाडी आणि आमच्यापुढें उभी असलेली गाडी यांचा मेळ कधींच बसत नाहीं. आणि अर्थातच चूक त्यांची, अशी माझी तरी खात्री होती.

माझ्या हातीं ही गाडी १९९८ सालीं आली. मी तिचा चौथा मालक. नोंदणीच्या पुस्तकांत माझ्या आधींचीं तीन नांवें होतीं, तीं मीं एकदां वाचलीं आणि विसरलों. एक गोष्ट मात्र लक्षांत राहिली. रंगाच्या रकान्यांत 'हस्तिदंती' असें लिहून तें तांबड्या शाईनें खोडलेलें होतें आणि शेजारीं 'निळा' असें लिहून १९७४ ची तारीख घातली होती. गाडी मजकडे आली ती निळीच. तोही रंग विटून, पोपडे धरून, अगदीं केविलवाणा झालेला. नोकरींतून मोकळा झाल्यावर, २०१६ सालीं, मीं तिचा जीर्णोद्धार आरंभिला. दाराच्या कडेचें रबर सोलतांना त्याखालीं बोटभर रुंदीची हस्तिदंती पट्टी सांपडली, तेव्हां मला झालेला आनंद एखाद्या ताम्रपटाच्या संशोधकाला शोभण्यासारखा होता. कोणा अरसिकानें झांकून टाकलेलें सत्य मी उजेडांत आणीत होतों! निळा थर खरवडून काढण्यास रंगाऱ्याच्या पोरांना नऊ दिवस लागले. त्या पट्टीशीं ताडून पाहत रंग कालविला, तीनदां नापसंत केला, आणि अखेर गाडी कारखान्यांतून निघाली तशी झाली. पुस्तकांत तिसरी नोंद करून घेतली: पुनः हस्तिदंती.

या 'मूळ' शब्दाचें आम्हां मंडळींत फार प्रस्थ आहे. पुढें २०२१ च्या जुलैंत सरकारनेंही त्याला राजमान्यता दिली. पन्नास वर्षांवरील जी गाडी मूळ स्वरूपांत राखलेली आहे, जिच्या सांगाड्यांत, अंगांत वा इंजिनांत मोठा फेरफार झालेला नाहीं, तिची 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंद करण्याचे नियम निघाले. मात्र अशी गाडी रोजच्या कामाला वापरावयाची नाहीं. म्हणजे, तिनें आतां फक्त मूळ असावें, दुसरें कांहीं करूं नये. माझी गाडी त्या वयांत केव्हांच शिरली होती, आणि तिच्या मूळपणाविषयीं बोलतांना मला थकवा म्हणून येत नसे.

२०२२ च्या डिसेंबरांतील मेळाव्याला एक वृद्ध गृहस्थ आले. हातांत काठी, डोक्याला मफलर, बरोबर पन्नाशी उलटलेली त्यांची मुलगी. त्यांनीं गाडीकडे पाहिलें नाहीं. नंबराच्या पाटीकडे पाहिलें. पहिले दोन आंकडे त्यांनीं मोठ्यानें वाचले. उरलेले दोन ते डोळे मिटून बोलले.

"हा नंबर आमचा," ते म्हणाले.

कबूल करावयास लाज वाटते, पण माझ्या मनांत पहिला विचार आला तो गाडीचे कागद माझ्या नांवावर आहेत, हा. मुलगी मात्र गोंधळून गेली होती.

"पण बाबा, आपली निळी होती."

इतकी सोन्यासारखी संधि मी कशी सोडीन? मीं त्यांना ती सारी हकीकत ऐकविली: दाराचें रबर, ती पट्टी, तीनदां कालविलेला रंग. "निळा रंग मागाहून कोणीतरी फांसला होता," मीं समारोप केला, "मूळचा हाच."

"कोणीतरी म्हणजे मीच," ते गृहस्थ शांतपणें म्हणाले.

नंतर त्यांनीं सांगितलें तें असें. १९६२ सालीं त्यांनीं गाडीला नंबर लावला होता. त्या काळीं मोटार विकत घेणें म्हणजे पैसे भरून वाट पाहणें. गाड्या थोड्या निघत आणि मागणारांची रांग लांबत जाई. त्यांची पाळी येण्यास सहा वर्षें लागलीं. "तेवढ्या अवधींत आमच्याकडे गाडी सोडून गाडीचं सगळं झालं होतं," ते म्हणाले. "ती कुठं उभी करायची तें ठरलं. पहिल्यांदा कुठं जायचं तेंही ठरलं: हिच्या आईच्या माहेरीं, कुंभार्ली घाटानं चिपळूणला. रंग ठरला. तो हिच्या आईनं ठरवला होता. निळा. कां म्हणून मीं विचारलं नाहीं. सहा वर्षं रोज निळीच गाडी बोलण्यांत असायची, मग विचारायचं काय?" पुढें पाळी आली तेव्हां विक्रेत्याकडे जी गाडी आली ती हस्तिदंती. घेतां कीं पुढच्याला देऊं, असा प्रश्न होता. त्यांनीं घेतली. बाईंनीं नारळ फोडला, हार घातला, चाकाखालीं लिंबें ठेविलीं, आणि रंगाविषयीं चकार शब्द काढला नाहीं. "तो तिनं पुढंही कधीं काढला नाहीं. चौऱ्याहत्तर सालीं तिनं चालवायचं लायसन काढलं. त्याच आठवड्यांत मीं गाडी रंगाऱ्याकडे टाकली."

"आईच चालवायची मग," मुलगी म्हणाली. "मला शाळेंत सोडायला ती निळी गाडी आली कीं बाकीच्या मुली कठड्यापाशीं जमायच्या."

गाडी त्यांनीं १९८९ सालीं विकली. कां, तें त्यांनीं सांगितलें नाहीं आणि माझ्यानेंही विचारवलें नाहीं. माझ्या शेजारीं हेरल्डचें नाकाड पुन्हां एकदां उलथत होतें आणि कोणीतरी टाळ्या वाजवीत होतें. मी त्या चकचकीत हस्तिदंती दाराकडे पाहत होतों. नऊ दिवस खरवडून जें मीं काढून टाकलें होतें, त्याची वाट कोणी सहा आणि सहा अशीं बारा वर्षें पाहिली होती; आणि ज्याचा मीं एवढ्या कष्टानें उद्धार केला, तो रंग त्या घरांत कोणालाच नको होता! क्षमा मागावी तर ती कशाची, हेंही मला धड सांगतां आलें नसतें. गाडी माझी, पैसे माझे, आणि पुस्तकाप्रमाणें पाहिलें तर मी बरोबरही होतों.

मग मला एकदम आठवलें. मीं डिकी उघडली, आंतलें रबरी आंथरूण उचललें. अगदीं मागच्या कोंपऱ्यांत, जेथें रंगाऱ्याच्या पोरांचा हात पोंचला नव्हता, तेथें तळहाताएवढा निळा तुकडा शिल्लक होता. कामांतली ती हयगय म्हणून मीं त्यावेळीं रंगाऱ्याचे शंभर रुपये कापून घेतले होते. मुलीनें वांकून त्यावर बोट फिरविलें. वृद्ध गृहस्थांना तितकें वांकतां येईना, ते म्हणाले, "आहे ना? मग झालं."

"आपण पुढं बसा ना," मीं म्हटलें. मुलीनें हात दिला. काठी माझ्याकडे देऊन ते स्टिअरिंगमागें बसले, आणि त्यांचा डावा हात न शोधतां गिअरच्या दांड्यावर गेला. थोडा वेळ ते समोरच्या कांचेंतून मैदानाकडे पाहत राहिले.

"चोक किती ओढतां?" त्यांनीं विचारलें.

"सकाळीं अर्धा."

"बरोबर. ती पूर्ण ओढायची. कितीदां सांगितलं तरी पूर्णच. मग पेट्रोल तुंबायचं आणि शेजारच्या पोरांना ढकलायला बोलवावं लागायचं." ते हंसले. "पोरंही तयारच असायची, ती त्यांना नंतर चक्कर मारून आणायची."

मीं किल्ली त्यांच्या हातांत दिली. त्यांनीं इंजिन सुरू केलें, मिनिटभर ऐकलें, आणि बंद करून किल्ली परत केली.

त्यानंतर ते मेळाव्याला आलेले नाहींत. त्यांचा पत्ता माझ्या पुस्तकांत आहे, पण तो १९६८ सालचा. गेल्या महिन्यांत डाव्या दाराचा रंग एके ठिकाणीं उडाला म्हणून मीं गाडी रंगाऱ्याकडे नेली. मेळाव्यांत गाडीबद्दल पूर्वीइतकें माझ्यानें बोलवत नाहीं, हें त्याला कोणाकडून तरी कळलेलें दिसलें. विकतां कां, असें त्यानें हळूच विचारून पाहिलें. विकत नाहीं, म्हटलें. "मग सगळी एकदां आंतून-बाहेरून नीट करून घेऊं," तो म्हणाला, "मागें डिकींत एक जागा राहिली होती." दार तेवढें कर आणि डिकीला हात लावूं नकोस, असें मीं त्याला सांगितलें. त्यानें कारण विचारलें नाहीं. तेथें गंज धरेल, एवढें मात्र बजावून ठेविलें.