गलक्याची साक्ष

पेठापेठांतील कुस्तीच्या तालमींनीच जेथे फुटबॉलचे संघ पोसले, आणि आपल्या तालमीचा संघ हरला म्हणजे त्या रात्री जेथे जेवणाची पाने मुकाट्याने मांडली व मुकाट्यानेच उचलली जातात, त्या कोल्हापुरात मी लहानाचा मोठा झालो. आणि खेळाडू म्हणून आपली योग्यता बेताची आहे हे गुडघ्याने वेळीच कळवल्यामुळे पुढे २२ वर्षे त्याच गावच्या व आसपासच्या मैदानांवर पंच म्हणून शिट्टी वाजवली. या काळात माझ्या दृष्टीविषयी, माझ्या पूर्वजांविषयी आणि माझ्या सांपत्तिक स्थितीविषयी प्रेक्षकांनी जी माहिती मला जाहीरपणे पुरविली, तिच्यातील बरीचशी मला सर्वस्वी नवीन होती. 'ए रेफरी, डोळं फुटलं काय रं?' हा प्रश्न त्यातल्या त्यात सौम्य समजावा. दुसऱ्या दिवशी सकाळी दाढी करवून घेण्यास गेलो, तर न्हावी वस्तरा गळ्याशी टेकवून अत्यंत शांतपणे म्हणे, 'काल तुम्ही आमची पेनल्टी खाल्लीसा.' त्या अवस्थेत नियमावलीतील कलमे उद्धृत करण्याचे धैर्य मला कधीच झाले नाही.

आपल्या भाषेने रेफरीला 'पंच' हे नाव दिले, यात एक मौज आहे. गावकीच्या तंट्यात पाच शहाणी माणसे पारावर बसत, वादी-प्रतिवादींच्या कैफियती ऐकत, साक्षीपुरावे रुजू करून घेत, आणि मगच निवाडा देत. फुटबॉलचा पंच एकटा. कैफियत ऐकण्यास त्याला सवड नाही, पुरावा म्हणून त्याचेच दोन डोळे, आणि निकाल मात्र छातीतला श्वास बाहेर पडण्यापूर्वी जाहीर व्हावयाचा. प्रारंभी ही स्थिती अशी नव्हती. इंग्लंडात प्रत्येक संघाचा एकेक अंपायर मैदानात असे. त्या दोघांचे एकमत झाले नाही म्हणजे वाद ज्याच्याकडे सोपवावयाचा तो गृहस्थ रेषेबाहेर उभा असे, आणि वाद सोपविण्याच्या या क्रियेवरूनच त्याला रेफरी ही संज्ञा मिळाली. खेळाडूने दाद मागितल्याखेरीज कोणी काही बोलत नसे. क्रिकेटमध्ये अपिलावाचून फलंदाज बाद देता येत नाही, हा त्याच शिरस्त्याचा अवशेष होय. १८९१ साली रेफरीला मैदानाच्या मध्यभागी आणण्यात आले, अंपायर रेषेवर जाऊन लाइन्समन झाले, आणि पेनल्टीचा नियमही त्याच वर्षी आला. आमच्या मुंबईत रोव्हर्स चषकाची पहिली स्पर्धा भरली तेही तेच वर्ष. म्हणजे ज्या वर्षी पंचाच्या हाती सर्व मुखत्यारी आली, त्याच वर्षी गोलाइतकीच मोलाची शिक्षा देण्याचा अधिकारही त्याला मिळाला. आणि तेव्हापासून सामन्याचा निकाल हा केवळ बावीस जणांचा राहिला नाही.

प्रेक्षक पंचावर चिडतो तो पंच चुकतो म्हणून, असा सार्वत्रिक समज आहे. तो मला मान्य नाही. ३ मार्च २०२३ रोजी बेंगळुरूच्या श्री कंठीरवा स्टेडियमवर इंडियन सुपर लीगच्या बाद फेरीत जे घडले, ते पाहावे. जादा वेळेत बेंगळुरूला फ्री किक मिळाली. केरळा ब्लास्टर्सचा गोलरक्षक भिंत रचण्याच्या गडबडीत असता सुनील छेत्रीने चेंडू सरळ जाळ्यात घातला, आणि पंच क्रिस्टल जॉन यांनी गोल दिला. ब्लास्टर्सचे प्रशिक्षक इव्हान वुकोमानोविच यांनी आपला संघ मैदानाबाहेर नेला तो परत आणलाच नाही. 'शिट्टी वाजलीच नव्हती' अशी फिर्याद त्या रात्री लाखो मुखांतून उठली. आणि नियम असा, की फ्री किक घेण्यासाठी शिट्टीची आवश्यकताच नसते. भिंत ९.१५ मीटर मागे सारण्याचे काम पंचाने हाती घेतले असेल, कोणास कार्ड दाखविले असेल, कोणी जखमी झाला असेल किंवा खेळाडूंची अदलाबदल चालू असेल, तरच शिट्टीवाचून खेळ सुरू होत नाही. एरवी ज्याच्यावर अन्याय झाला त्याला तत्काळ चेंडू मारून त्या अन्यायाचा फायदा उठविण्याची मुभा असते. तेव्हा सारा प्रश्न छेत्रीला थांबण्यास सांगितले होते की नव्हते, एवढ्या एका मुद्द्यावर येऊन ठेपतो, आणि तो गॅलरीतून ऐकू येण्यासारखा नव्हे. भारतीय फुटबॉल महासंघाने ब्लास्टर्सची तक्रार फेटाळली, क्लबला ४ कोटी रुपयांचा दंड केला, प्रशिक्षकांना १० सामन्यांची बंदी घातली. माझे स्वतःचे मत विचाराल तर, गोल अयोग्य ठरला असता तरीही मैदान सोडणाराचा दावा त्याच क्षणी निकालात निघाला असे मी म्हणेन. परंतु लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही, की नियमाचे कलम छापून प्रसिद्ध झाल्यावरही संताप तिळमात्र ओसरला नाही. कारण पराभवाचा भार कोणाच्या तरी खांद्यावर उतरवून ठेवण्याची ती निकड होती, आणि त्या कामी दोन्हींपैकी कोणत्याच संघाच्या रंगाचा सदरा न घातलेला इसम मैदानावर पंचाखेरीज दुसरा नसतो.

येथवर मी प्रेक्षकांविरुद्ध बोललो; आता स्वतःविरुद्ध जबानी देतो. पंच पैसे खातो, हा आरोप माझ्या अनुभवात बव्हंशी निराधार आहे. पण पंच गलका खातो, असे कोणी म्हटले असते तर मला मान खाली घालावी लागली असती. इंग्लंडातील एका प्रयोगात ४० पंचांना एकाच सामन्यातील धक्काबुक्कीचे प्रसंग पडद्यावर दाखविण्यात आले, काहींना प्रेक्षकांच्या आवाजासह आणि काहींना निःशब्द. ज्यांच्या कानी आवाज पडत होता त्यांनी यजमान संघाविरुद्ध १५.५ टक्के कमी फाउल दिले. स्पेनमधील सामन्यांचा हिशेब अर्थशास्त्रज्ञांनी मांडला, तर यजमान एका गोलाने मागे असता पंच वाढीव वेळ सढळ हाताने देतात आणि यजमान एका गोलाने पुढे असता तोच हात आखडता घेतात, असे दिसून आले. पंचांना कोणी धमकावले नव्हते, कोणी लाच देऊ केली नव्हती.

हे वाचले तेव्हा माझ्यासमोर एका तालुक्याच्या गावचा अंतिम सामना उभा राहिला. यजमान एका गोलाने मागे; उसाच्या फडापर्यंत माणसे उभी; चेंडू दोनदा त्या उसात गेलेला. माझ्या घड्याळाच्या हिशेबाने ३ मिनिटे होत होती. मी ५ दिली, आणि पाचव्या मिनिटाला बरोबरी झाली. पाहुण्या संघाचा कप्तान, वयाने विशीतला पोरगा, शिवीगाळ न करता माझ्याजवळ आला आणि म्हणाला, 'साहेब, दोन मिनिटं कुठली ओ?' अहवालात मी ऊस लिहिला, एका खेळाडूचा मुरगळलेला पाय लिहिला; ते दोन्हीही खोटे नव्हते. परंतु ती दोन मिनिटे उसातून आली नव्हती, हे त्या पोराला जसे कळले होते तसे मला कळावयास कैक वर्षे लागली. कानात शिरलेला आवाज मनगटावरच्या घड्याळापर्यंत कोणत्या वाटेने पोहोचतो, याचा थांग ज्याचे ते मनगट त्यालाही लागत नाही.

गलका जेव्हा नुसता गलका राहत नाही, तेव्हाची कथा निराळी. १६ ऑगस्ट १९८० रोजी कलकत्त्याच्या ईडन गार्डन्सवर, म्हणजे मुळात क्रिकेटच्या मैदानावर, मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांचा लीग सामना झाला. ईस्ट बंगालच्या दिलीप पालितने बागानच्या बिदेश बोसला पाडले, बिदेशने परतफेड केली, पंचाने दोघांनाही बाहेर काढले. आणि दोन्ही संघांचे अनुयायी जेथे एकमेकांच्या मांडीला मांडी लावून बसले होते त्या सज्जांत मारामारी पेटली. चेंगराचेंगरीत व पळापळीत १६ जण मरण पावले. त्यापूर्वी २४ मे १९६४ रोजी पेरूची राजधानी लिमा येथे अर्जेंटिनाविरुद्ध पेरूचा बरोबरीचा गोल उरुग्वेच्या पंचाने नाकारला, लोक मैदानात घुसले, पोलिसांनी अश्रुधूर सोडला, आणि जिन्यांच्या तळाशी असलेले लोखंडी दरवाजे बंद असल्यामुळे सरकारी गणनेप्रमाणे ३२८ माणसे गुदमरून व चिरडून गेली. या दोन्ही घटनांचा उल्लेख निघाला की आजही प्रथम पंचाच्या निर्णयाची चिकित्सा होते. मी पंच आहे, तेव्हा माझी साक्ष पक्षपाती समजून सोडून द्यावी. तरीही कोणत्याही शिट्टीने आजवर दरवाजा बंद केलेला नाही, आणि दोन शत्रूंना एका बाकावर बसविण्याची तिकिटे पंच कापत नाही. कलकत्त्यात दरवर्षी त्या तारखेस फुटबॉलप्रेमी रक्तदान करतात. सामन्यात सांडलेल्या रक्ताची अशी रुजवात घालणारे शहर मला दुसरे ठाऊक नाही.

यंत्र आले म्हणजे ही भांडणे मिटतील, अशी आशा आम्हा पंचांनाही होती. व्हिडिओ साहाय्यक पंच २०१८ सालच्या विश्वचषकात आले; गोल, पेनल्टी, थेट लाल कार्ड आणि चुकीच्या खेळाडूस झालेली शिक्षा, एवढ्याच बाबींत त्यांना तेव्हा दखल देता येत असे. ३० सप्टेंबर २०२३ रोजी टॉटनहॅमविरुद्ध लिव्हरपूलच्या लुईस डियाझने गोल केला. रेषेवरील पंचाने ऑफसाइडचा झेंडा वर केला. पडद्यासमोरच्या पंचाने चित्र तपासले, डियाझ ऑफसाइड नव्हता हेही त्याला दिसले; परंतु मैदानावर गोल दिला गेला आहे अशी त्याची समजूत झालेली असल्यामुळे त्याने 'तपासणी पूर्ण' एवढेच कळविले, म्हणजे मूळ निर्णय कायम. मूळ निर्णय गोल नाकारण्याचा होता. चूक ध्यानात येईतो खेळ सुरू झाला होता, आणि सुरू झालेला खेळ मागे नेण्याची तरतूद नियमांत नाही. यंत्राने सत्य दाखविले, दोन माणसांच्या बोलण्यात ते हरवले. त्यानंतरचे शिव्याशाप पूर्वीपेक्षा अधिक तिखट होते, कारण आता चुकीला सबबही उरली नव्हती. पूर्वी पंच निदान आंधळा तरी असू शके.

स्वीडनचे आंदेर्स फ्रिस्क हे त्यांच्या काळी युरोपातील अग्रगण्य पंच. २००५ साली बार्सिलोना-चेल्सी सामन्यानंतर कुटुंबासह जिवाच्या धमक्या येऊ लागल्यावर त्यांनी शिट्टी खाली ठेवली. मी वय झाले म्हणून ठेवली, एवढाच माझा भाग्ययोग. आता नातवाला घेऊन गॅलरीत बसतो, शेंगा फोडतो. गेल्या हंगामात आमच्या पेठेच्या संघाचा सामना होता आणि शिट्टी माझ्याच एका शिष्याच्या हाती होती. शेवटच्या काही मिनिटांत समोरच्या बचावपटूच्या हाताला चेंडू लागला, किंवा लागलासा वाटला; शिष्याने खेळ चालू ठेवला. मी उभा होतो. नातू माझा सदरा ओढीत होता आणि माझ्या घशातून जे शब्द बाहेर पडत होते ते मी २२ वर्षे ऐकलेलेच होते, त्यांतील एकही निराळा नव्हता.

रात्री त्याचा फोन आला. 'सर, तुम्ही आला होता म्हणे. खरं सांगा, ती पेनल्टी होती का?'

मी बसलो होतो ती जागा दुसऱ्या टोकाच्या गोलामागची, चेंडूपासून सत्तर-ऐंशी मीटरवरची. एवढे मी त्याला सांगितले. ओरडलो होतो, ते सांगितले नाही.